हो / अंशतः / नाही

प्रश्न क्रमांक 17 असा आहे : ‘आपल्या घरातून समुद्र दिसतो का?’ उत्तरं तीन. हो, अंशतः, नाही. योग्य त्या चौकोनात खूण करा.

ज्या सद्गृहस्थाला हा प्रश्न सुचला त्याला मला एकदा जेवायला बोलवायचं आहे. मे महिन्यातल्या भर दुपारी, उरण तालुक्यात, बंदराच्या कुंपणाला पाठ टेकून बसलेल्या गावात माणूस पाठवायचा आणि ट्रेलरच्या धुळीत डोळे चोळत दार उघडणाऱ्याला विचारायचं, काय हो, समुद्रबिमुद्र दिसतो का, याला साधी बुद्धी पुरत नाही. त्यासाठी वातानुकूलित खोलीत पुष्कळ वर्षं काढावी लागतात, आणि त्या खोलीला खिडकी असून चालत नाही.

पाहणी जीवनमानाची आहे. कोणाची ते विचारू नका. अशा पाहण्यांना आईबाप नसतात, फक्त लोगो असतो. विकास झाला, यावर वर एकमत झालेलंच आहे. तो लोकांच्या अंगी कितपत लागला, एवढंच मोजायचं राहिलंय. म्हणजे पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, आणि आता मांडवाबाहेर उभे असलेल्यांना जाऊन विचारायचं, ढेकर आली का?

एकूण प्रश्न 64. त्यातले 63 मी सहन केले. नळाला पाणी किती वेळ येतं, घरात कोणाला दमा आहे का, रात्री छातीत दुखलं तर किती वेळात डॉक्टरपर्यंत पोचता. या शेवटच्याला पर्याय होते ‘15 मिनिटे’, ‘30 मिनिटे’ आणि ‘30 मिनिटांहून अधिक’. करळ फाट्यापासून ट्रेलरची रांग लागली की त्या ‘अधिक’मध्ये काय काय मावतं, ते लिहायला जागा नव्हती. असो. आपण 17 वर येऊ.

फॉर्म घेऊन आलेला पोरगा शेजारच्या गावातला. त्याच्या आजोबांची जमीन गेली, माझ्या वडिलांची गेली, तेव्हा तसे आम्ही सोयरेच. बी.कॉम. झालाय. सकाळी एका गोदामाच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहितो, दुपारी फॉर्म भरतो. फॉर्ममागे पैसे. हातात कंत्राटदारानं दिलेला टॅब, काच कोपऱ्यात तडकलेली.

“काका, 17 पटकन सांगा. याला लाल चांदणी आहे, सोडता येत नाही.”

“नाही.”

“‘नाही’ नका टाकू.”

“का?”

“किनाऱ्यावरच्या गावात ‘नाही’ टाकलं की ॲपला संशय येतो. मग फेरतपासणी. फेरतपासणीचे पैसे देत नाहीत.”

“अरे, पण नाही दिसत.”

त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. “समोर काय दिसतंय?”

“डबे.”

“डबे कशातून आले?”

“जहाजातून.”

“आणि जहाज?”

मी गप्प झालो. हा मुलगा गेटवर नंबर लिहीत कुजतोय. याची खरी जागा अर्थसंकल्पाची भाषणं लिहिणाऱ्यांत आहे.

डबा म्हणजे कंटेनर, हे उरणच्या वाचकाला सांगायला नको. बाकीच्यांनी समजून घ्यावं. आमच्याकडे पोरं अ, आ, ई शिकायच्या आधी वीस फुटी आणि चाळीस फुटी शिकतात. खिडकीसमोर पूर्वी खाजण होतं, त्यापलीकडे मिठागरं, त्यापलीकडे खाडी, आणि पावसाळा सरून हवा स्वच्छ झाली की घारापुरीचे दोन डोंगर. आता त्या जागी रिकाम्या डब्यांचं यार्ड आहे. भरलेला डबा आमच्याकडे फार काळ टेकत नाही. त्याला घाई असते, त्याच्यात कोणाचा तरी माल असतो, थांबला की त्याचं भाडं चढतं. तो येतो, आमचा रस्ता खचवतो आणि निघून जातो. मुक्कामाला राहतो तो रिकामा. साधा डबा साडेआठ फूट उंच. एकावर एक सहा, म्हणजे एकावन्न फूट. एकावन्न फुटांचा समुद्र आमच्या दारात उभा आहे. रंग मात्र छान असतात. तांबडा, निळा, हिरवा, मधेच एक गंजून तपकिरी झालेला. आमच्या सूनबाईंनी पडदे त्याला साजेसे घेतले.

पण मी उगीच रडगाणं लावत नाही, या खिडकीचे फायदेही आहेत. देशाच्या व्यापाराची तब्येत कळायला लोक अहवाल विकत घेतात; मी गॅलरीत उभा राहून दात घासतो. आयात जोरात असली की डबे भरून येतात, इथं रिकामे होतात, आणि परत न्यायला माल मिळेपर्यंत माझ्या खिडकीत साचतात. निर्यात वाढली की उचलले जातात. चार थर म्हणजे बरं चाललंय. पाच थर म्हणजे चिंतेचं कारण आहे. सहा थर झाले की मी मुलाला सांगतो, यंदा नवीन गाडी घेऊ नकोस. आणि आयुष्यात एकदा, फक्त एकदाच, ते यार्ड जवळजवळ मोकळं झालं. 2020 सरता सरता जगभर रिकाम्या डब्यांचा दुष्काळ पडला. तुम्हाला आठवत असेल, निर्यातदार डबा द्या, डबा द्या म्हणून टाहो फोडत होते, जहाजाची भाडी कुठल्या कुठे गेली होती, त्यात मार्च 2021 मध्ये सुएझच्या कालव्यात एक जहाज आडवं जाऊन सहा दिवस रुतून बसलं. जागतिक व्यापाराचा गळा आवळला गेला, असं सगळे सांगत होते. त्याच दिवसांत एका सकाळी आई हाक मारत गॅलरीत आली. समोर खाडी. पाण्यावर ऊन. मागे घारापुरी, दोन्ही डोंगर जागच्या जागी. मी इतका गहिवरलो की निर्यातदारांच्या दुःखात सहभागी व्हायचं राहूनच गेलं. तेव्हा ही पाहणी आली असती तर मी छातीठोकपणे ‘हो’वर खूण केली असती. तात्पर्य, जगाचा धंदा बुडाला की आमचं जीवनमान वाढतं. पाहणीवाल्यांना हा नियम फुकट देतो आहे. पुढं डबे परत आले. अर्थव्यवस्था सावरली, अशी बातमी त्याच सुमारास वाचली.

“काका...” पोरगा म्हणाला.

“हो रे, हो.”

या फॉर्मच्या डोक्यावर एक प्रस्तावना छापली आहे. तीत ‘प्रदेशाचे दरडोई उत्पन्न लक्षणीय’ असं म्हटलंय. दरडोई या शब्दावर माझा जुना जीव. आमच्याकडे डोईवर काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मासळीची पाटी असते. म्हणजे असायची. हिशेबाची पद्धत अशी की माल ज्या भूमीवर हलला त्या भूमीच्या नावावर तो मांडायचा आणि तिथल्या डोक्यांनी भागायचं. पैसा पुढं कुठं उतरला ही चौकशी असभ्य समजली जाते. मग मीही भागून पाहिलं. 2024-25 या एका वर्षात इथल्या बंदरातून, वीस फुटीच्या मापानं, 70 लाखांहून जास्त डबे हलले. तालुक्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत एक लाख साठ हजारांच्या आसपास. दरडोई त्रेचाळीस डबे! आमच्या घरात माणसं पाच, म्हणजे वर्षाला दोनशे पंधरा. आईचे त्रेचाळीस वेगळे काढले तरी एकशे बहात्तर उरतात. एकापुढे एक लावले तर दोनशे पंधरा डब्यांची रांग सव्वा किलोमीटरच्या पुढं जाते. आमच्या दारातून निघून ती शाळा, देऊळ, साळवींचं किराणा दुकान मागं टाकून थेट हमरस्त्याला लागते. तिथं अर्थात शेजाऱ्यांचे दोनशे पंधरा आधीच उभे असतात. म्हणूनच तर रोज संध्याकाळी रस्ता बंद पडतो. इतकी वर्षं आम्ही ट्रेलरवाल्यांना शिव्या देत होतो आणि ते बिचारे आमचंच दरडोई उत्पन्न आम्हाला दाखवायला आणत होते.

हे सगळं मी त्या पोराला समजावून सांगितलं. त्यानं टॅब पुढं केला. “मग ‘अंशतः’ टाकू?”

इथं माझं चुकलं. मी हो म्हणालो.

‘अंशतः’वर बोट ठेवलं की खाली आणखी एक चौकोन उघडतो : ‘किती टक्के?’ रिकामा सोडता येत नाही. त्यालाही लाल चांदणी. आम्ही दोघं गच्चीवर गेलो. तिथून, पाण्याच्या टाकीवर चढून, उजव्या हाताला वाकलं तर एका निळ्या आणि एका तांबड्या डब्याच्या मधे वीतभर फट आहे. फटीत काहीतरी चमकतं. ते पाणी आहे, की पलीकडच्या गोदामाचा पत्रा, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. पोरानं एक डोळा मिटून अंगठ्यानं माप घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. उरण-पनवेलच्या माणसाला टक्के विचारल्यावर त्याच्या तोंडून काय निघणार?

“साडेबारा,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

हसलोही. फार वेळ नाही. टॅबला साडेबारा चालेना. अपूर्णांक घेत नाही. 12.5 टाकलं की तो स्वतःच 12 करतो. पुन्हा टाकलं, पुन्हा 12. पोरगा म्हणाला, “जाऊ द्या ना काका, अर्ध्या टक्क्यानं काय होतंय?”

आता वाचकहो, माझ्यावर मेहेरबानी करा, हा एक परिच्छेद मला विनोद जमणार नाही. त्या साडेबाराला आमच्याकडे टक्के म्हणायची गरज पडत नाही. ‘साडेबारा’ म्हटलं की पुरे, लहान पोरालाही कळतं. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला, जासई आणि नवघरच्या बाजूला, जमिनीचा भाव मागायला रस्त्यावर उतरलेल्या माणसांवर गोळ्या चालल्या आणि पाच जण गेले. तेव्हा कुठं कबूल झालं की घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जागा विकसित करून परत देऊ. शंभरातले साडेबारा. त्या साडेबारांतलेही पावणेचार सामाजिक सुविधांसाठी म्हणून कापले जातात आणि हातावर पडतात पावणेनऊ. ज्या सामाजिक सुविधांसाठी कापले, त्या कुठे आहेत हा प्रश्न त्या 64 मध्ये नाही. काहींच्या भूखंडासाठी वडिलांनी अर्ज केला, मुलानं फेऱ्या मारल्या आणि आता नातू फायली हुडकतोय. शेव्याच्या कोळीवाड्याला उठवून आत नेऊन बसवलं, तर तिथं घरांना वाळवी लागली. दारं गेली, चौकटी गेल्या. त्या वस्तीत जाऊन विचारा ना प्रश्न क्रमांक 17. खिडकीतून समुद्र दिसतो का? खिडकी दाखवा म्हणतील. आणि हा पोरगा, ज्याच्या घरची शेती 1989 साली सुरू झालेल्या बंदराखाली आहे, बी.कॉम. होऊन, चुरगळलेला शर्ट घालून, मला सांगतो की अर्ध्या टक्क्यानं काय होतंय. त्याचा दोष नाही. त्याला फॉर्ममागे पैसे मिळतात, टक्क्यामागे नाही. पण मी टाकीवरून ओरडलो, “अर्धा टक्का कुठं गेला ते आधी विचार तुझ्या ॲपला! पाच माणसांनी मिळवलेला आकडा आहे तो, डाव्या हातानं पुसू नकोस!” खाली रस्त्यावर दोन ट्रेलरचालक मान वर करून बघत होते. टाकीवर उभा राहून माणूस कशासाठी ओरडतो, याचे त्यांच्याही मनात काही पर्याय असावेत.

उतरलो. पाणी प्यायलो. वयाला शोभत नाही.

मला कोणी विकासविरोधी म्हणू नये म्हणून सांगतो : जानेवारी 2024 ला उरणला लोकल आली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात दोनदा विनाकारण नेरूळला जाऊन आलो. खिडकीत बसलो. पाणथळीत बगळे दिसले, तिकिटाचे पैसे वसूल. लोकल आली त्याच दिवशी शिवडीहून न्हावा शेव्यापर्यंतचा सागरी पूल सुरू झाला. 21.8 किलोमीटर लांब, त्यातला साडेसोळा पाण्यावरून. मोटारीला एका खेपेचे 250 रुपये ठरले. म्हणजे समुद्र दिसण्याला आज बाजारभाव आहे, आणि तो मिनिटावर काढता येतो. रस्त्याच्या कडेच्या फलकांवर ‘सी व्ह्यू’चे फ्लॅट असतात. चित्रातल्या गॅलरीत एक बाई हातात कॉफी घेऊन समुद्राकडे बघत असते. तिला कोणी फॉर्म भरायला लावत नाही. माझी आई आयुष्यात कधी समुद्राकडे बघत उभी राहिली नाही. ती पहाटे उठायची, बाबा खाडीवरून आले की पाटी उचलायची आणि मोरा बंदरावरून लाँचनं भाऊच्या धक्क्याला जायची. समुद्र हे तिचं दृश्य नव्हतं, दुकान होतं. दुकान दिसतं का, असं दुकानदाराला विचारतात का?

(मोऱ्याच्या लाँचवरून आठवलं. ओहोटीला गाळात लाँच लागत नाही म्हणून आजही फेऱ्या बंद पडतात. शेजारच्या बंदरात महाकाय जहाजांसाठी समुद्राचा तळ खरवडून खोल करत आणलाय. तासाभराचा प्रवास करणाऱ्या माणसासाठी मात्र भरतीची वाट बघायची. गाळ तोच, खाडीही तीच. माझी ही तक्रार जुनी आहे, संपादक दर वेळी कापतात. या वेळी कंसात टाकली आहे, बघू.)

आणि दिसण्याचंच म्हणाल तर घारापुरीला विचारा. बेट आमच्याच तालुक्यातलं. अख्ख्या जगातून लोक तिथली लेणी बघायला येतात. बंदर सुरू झाल्यापासून त्या बेटावरच्या माणसांना रात्रभर समोर लखलखाट दिसायचा. क्रेनचे दिवे, जहाजांचे दिवे, पाण्यात त्यांची पडछाया. फार मनोहर. त्यांच्या घरात कायमची वीज आली ती फेब्रुवारी 2018 मध्ये, साडेसात किलोमीटरची केबल समुद्राखालून टाकून. मधली एकोणतीस वर्षं त्यांना विकास खिडकीतून अगदी स्पष्ट दिसत होता. त्यांच्यापुरता प्रश्न असा हवा होता : ‘आपल्या घरातून विकास दिसतो का?’ हो. पूर्णतः. शंभर टक्के, अपूर्णांकाशिवाय.

एव्हाना आमची आई उठून बसली होती. दुपारची झोप मोडली की ती जगावर चिडलेली असते.

“काय इचारतंय त्यो?”

“दर्या दिसतो का, विचारतोय.”

“दिसत नाय,” ती म्हणाली. मग जरा नाक वर केलं. “वास येतंय. वासाचा खाना हाय का त्याचे?”

पोरानं प्रामाणिकपणे वर-खाली बोट फिरवून पाहिलं. वासाचा रकाना होता, पण तो प्रश्न 41 मध्ये, ‘परिसरातील दुर्गंधी’ या सदराखाली. ओहोटीच्या चिखलाला दुर्गंधी म्हणावं, हे आईला पटवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. तिच्या हिशेबी तो निवट्यांचा, चिंबोऱ्यांचा, जेवणाचा वास. 41 ला आम्ही ‘लागू नाही’ टाकलं.

शेवटचं एक काम उरलं होतं. घराचं ठिकाण. टॅबवर नकाशा उघडला, ‘आपल्या घरावर बोट ठेवा’ अशी सूचना आली. नकाशा कुठल्या साली काढला देव जाणे. त्यात यार्ड नव्हतं. रस्ता नव्हता. आमच्या गावाच्या पाठीशी, कुंपण असायला हवं तिथून सरळ पुढं, नुसता निळा रंग. खाडी जशी होती तशी, फाट्यांसकट, उपफाट्यांसकट.

आई चष्मा लावून वाकली. बराच वेळ बघत राहिली.

“ही आपली खाडी ना रं?” असं म्हणत तिनं त्या निळ्यावर बोट ठेवलं. तडकलेल्या काचेवर तिचं बोट, मिठानं आणि सोललेल्या कोळंबीनं खरबरीत झालेलं. “हितं आपले डोलीचे खुंट. आन हितं तुजा बापूस पाग टाकायचा.”

“आजी, नका हात लावू! पिन सरकली,” पोरगा ओरडला. “घर समुद्रात गेलं तुमचं!”

टॅबनं जरा विचार केला. एक हिरवं चक्र फिरलं. मग पडद्यावर आलं : ‘ठिकाण नोंदवले. समुद्रापासून अंतर 0 मीटर. प्रश्न 17 चे उत्तर सुधारले : हो.’ अंशतः गेलं, टक्के गेले, अर्ध्या टक्क्याचं भांडणही गेलं. पोराच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. फेरतपासणी टळली होती. तो टॅब उचलायला लागला.

आईनं बोट काढलं नाही.

“थांब रं,” ती म्हणाली. “आजून दोन खुंट ऱ्हायलेत.”